सगळी शून्यं असलेली ओळ

जून 2019 च्या पहिल्या आठवड्यात आम्ही जालना जिल्ह्यातल्या एका गावात, देवळापुढच्या पारावर बसून, आमच्याच पाहणीचे आकडे गावाला वाचून दाखवत होतो. अहवाल छापण्याआधी गावाला ऐकवायचा, हा आमच्या छोट्या गटाचा शिरस्ता. दुष्काळाचं वर्ष होतं. आदल्या ऑक्टोबरात सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि एप्रिल-मेमध्ये आम्ही 9 गावांतल्या 1,140 घरी जाऊन पाण्याबद्दल विचारलं होतं. मी वाचत गेले, "पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत. टँकर, 61 घरं. विहीर, 23 घरं. आड, 14 घरं."

मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आड? कोणचा आड?"

मी कागदाकडे पाहिलं. आकडा बरोबर तोच होता. त्या गावात घरोघरी फिरलेल्या ताई माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, "मॅडम, हितला आड बुजवून लई वर्सं झाली. ती टाकी दिसती ना, तिच्याखाली हाय तो."

टाकी समोरच होती, कोरडी. सभेतलं कुणी हसलं नाही. लोक माझ्याकडे पाहत राहिले आणि मला एवढंच सुचलं की मी तपासून सांगते. परतीच्या जीपमध्ये मी ताईंना तीनदा विचारलं की फॉर्मवर चुकून आड लिहिलं गेलं असेल का. त्यांनी तीनदा नाही म्हटलं. त्यांचं खरं होतं.

ती 14 घरं कुठून आली हे सांगण्यासाठी मी काय केलं होतं ते सांगावं लागेल. आमच्या अभ्यासातला मुख्य प्रश्न होता, घरातल्या बाईची रोजची किती मिनिटं पाणी आणण्यात जातात आणि ते कशाकशावर अवलंबून असतं. मिनिटं ही संख्या आहे, घरातली माणसं ही संख्या आहे, पण पाणी कुठून आणता याचं उत्तर शब्दात येतं: आड, टँकर, नळ, बोअर, विहीर, हातपंप. गणिताला शब्द चालत नाहीत. नवशिक्या माणसाला पहिला मोह होतो तो क्रमांक देण्याचा. आड 1, टँकर 2, नळ 3. पण क्रमांक दिला की गणित त्याला मोजमाप समजतं. नळ आडाच्या तिप्पट ठरतो, आड आणि नळ यांची सरासरी काढली की टँकर येतो. या शब्दांत असा कुठलाही चढता क्रम नाही.

म्हणून प्रत्येक उत्तरासाठी स्वतंत्र कॉलम करायचा. घर टँकरवर असेल तर टँकरच्या कॉलममध्ये 1 आणि बाकी सगळ्यांत 0. याला वन-हॉट म्हणतात. नाव इलेक्ट्रॉनिक सर्किटांतून आलंय, अनेक तारांपैकी एकाच वेळी एकच तार 'हॉट', म्हणजे चालू असते. संख्याशास्त्राची माणसं या कॉलमना डमी म्हणतात. कल्पना मात्र संगणकाहून जुनी आहे. हर्मन हॉलरिथने 1890 च्या अमेरिकी जनगणनेसाठी जी कार्डं वापरली, त्यांत प्रत्येक उत्तराला ठरलेली जागा होती. तिथे भोक असेल तर होय, नसेल तर नाही.

मला ही गोष्ट वडिलांमुळे आधीच ठाऊक होती असं वाटतं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि मतपत्रिकेच्या काळात मतमोजणीच्या कामावर जायचे. मतपत्रिका म्हणजे एक ओळच. उमेदवार तितके चौकोन, शिक्का एकावर. वडील सांगायचे, एक शिक्का असेल तर पत्रिका त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात, दोन उमेदवारांवर शिक्के असतील तर बाद, आणि कोरी असेल तरी बाद. बाद पत्रिकांचा गठ्ठा वेगळा बांधायचा आणि त्याचीही मोजणी लिहायची, यावर त्यांचा फार भर असे. दिलेल्या मतपत्रिका आणि सगळे गठ्ठे मिळून जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

मी ते जुळवलं नव्हतं.

पायथनमध्ये पांडाज नावाची लायब्ररी आहे आणि तिच्यात गेट-डमीज नावाचं फंक्शन आहे. तेव्हा शब्दांचा कॉलम त्याला दिला की एका ओळीत शून्य-एकचे कॉलम मिळायचे. मूळ कॉलम नव्या तक्त्यात राहत नाही. काम इतकं सहज होतं की हात थांबत नाही. मी ते केलं, फाइल आमच्यासाठी संख्याशास्त्राचं काम करणाऱ्या सरांना पाठवली, त्यांनी आपलं गणित करून अंदाजाचे दोन-तीन कॉलम जोडून ती परत पाठवली. अहवालातले तक्ते मला पुन्हा शब्दांत हवे होते. गावात "कॉलम क्रमांक दोन, 61" असं वाचून चालत नाही. त्या वेळी उलट्या दिशेने जाणारं तयार फंक्शन पांडाजमध्ये नव्हतं. सगळे जो मार्ग वापरायचे तोच मीही वापरला. आयडी-एक्स-मॅक्स नावाचं फंक्शन ओळीतली सगळ्यात मोठी संख्या कुठल्या कॉलममध्ये आहे ते शोधून त्या कॉलमचं नाव देतं. ओळीत एकच 1 असेल तर मोठी संख्या तीच, आणि तिच्या डोक्यावरचं नाव म्हणजे मूळ उत्तर.

आता ओळीत एकही 1 नसेल तर? तेव्हा सगळ्यात मोठी संख्या 0 असते. ती सगळ्याच कॉलममध्ये आहे. फंक्शन पहिला कॉलम उचलतं. कॉलम वर्णक्रमाने लागलेले असतात, आणि युनिकोडमध्ये देवनागरीचे स्वर व्यंजनांच्या आधी येतात, आपल्या मुळाक्षरांसारखेच. आमच्या उत्तरांत स्वराने सुरू होणारा शब्द एकच होता. आड.

हे मला गावाहून परतलेल्या रात्री कळलं. काय शोधायचं हे एकदा समजल्यावर एकच ओळ लिहावी लागली: प्रत्येक घराच्या ओळीतल्या एकांची बेरीज कर आणि कुठली बेरीज किती वेळा येते ते सांग. उत्तर आलं, बेरीज 1 असलेली घरं 1,066 आणि बेरीज 0 असलेली घरं 74. नऊ गावांत मिळून खरोखर आडावर असलेली घरं 12 होती. माझ्या तक्त्यात 86 होती. गेट-डमीज रिकाम्या उत्तरासाठी वेगळा कॉलम करत नाही. तसं सांगण्याची सोय त्यात आहे, पण आपणहून ते करत नाही. ओळभर शून्यं ठेवून पुढे जातं.

मी लगेच सरांना फोन केला. रात्रीचे साडेदहा झाले होते. मला वाटत होतं की चूक फक्त माझ्या तक्त्यांत आहे, त्यांचं गणित तरी शाबूत असेल. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी आधार म्हणून नळाचा कॉलम काढला होता, आठवतंय ना?"

आठवत होतं. सहाच्या सहा कॉलम गणितात घालता येत नाहीत, कारण प्रत्येक घराचं उत्तर असेल तर त्यांची बेरीज प्रत्येक ओळीत 1 च येते. पाच माहीत असले की सहावा आपोआप कळतो, आणि सरांच्या या गणितात, म्हणजे रिग्रेशनमध्ये, स्थिरांक आधीच असतो, त्याचाही कॉलम एकांचाच. गणिताला या दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून एक कॉलम काढतात आणि बाकीच्यांची तुलना त्या काढलेल्याशी होते. कुठला काढायचा हे पांडाजवर सोडलं तर तो पहिला काढतो, म्हणजे आड. सरांनी तसं केलं नव्हतं. आडाची घरं एवढी थोडी आहेत की त्यांच्याशी तुलना ठेवली तर सगळेच आकडे डळमळतील, नळ ठेवू, असं त्यांनी मला आधी समजावून सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

पण नळाचा कॉलम काढल्यावर नळाचं घर कसं दिसतं? उरलेल्या पाचही कॉलममध्ये शून्य. आणि उत्तर नसलेलं घर कसं दिसतं? तेही तसंच.

म्हणजे तीच 74 घरं माझ्या तक्त्यात आडाचं पाणी पीत होती आणि सरांच्या गणितात त्यांच्या दारात नळ होता. सर म्हणाले, "उद्या सकाळी त्या 74 घरांचे फॉर्म काढ. कोरे का आहेत ते आधी पाहू, मग पुढचं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कपाटातून फॉर्मचे गठ्ठे काढून आम्ही दोघींनी, मी आणि डेटा भरणाऱ्या सहकारी मुलीने, 74 फॉर्म वेगळे केले. मला अपेक्षा होती की काही राहून गेलेले असतील, काहींची शाई पुसलेली असेल. तसे 9 निघाले. उरलेल्या 65 फॉर्मवर पाण्याच्या प्रश्नापुढच्या सहा चौकोनांत खूण नव्हती, पण समासात अक्षर होतं. वेगवेगळ्या ताईंचं, निरनिराळ्या पेनांनी. "रोज वेगळं." "शेजारच्या शेतातून, ते नाही म्हटले तर दुसरीकडून." "कधी टँकर, कधी जार विकत." एका फॉर्मवर नुसतं "ज्या दिवशी जिथं मिळंल तिथून."

फॉर्म मी तयार केला होता. मुख्य स्रोत एकच निवडा, असं मीच छापलं होतं. ज्यांना एक स्रोतच नव्हता त्यांच्यासाठी चौकोन नव्हता. ताईंनी खोटी खूण केली नाही, चौकोन कोरे ठेवले आणि खरं काय ते कडेला लिहिलं. डेटा भरताना समासातलं अक्षर भरायला जागा नव्हती, म्हणून ते तिथेच राहिलं. आमच्या पाहणीत पाण्यासाठी सर्वांत जास्त हाल सोसणारी घरं हीच होती. पाण्यात जाणारी मिनिटं लिहिलेला चौकोन मात्र त्यांच्या फॉर्मवर भरलेला होता, आणि ते आकडे पाहवत नव्हते. हीच मिनिटं नळाच्या घरांमध्ये मिसळून नळाची सरासरी वर गेली होती, त्यामुळे टँकर आणि नळ यांच्यातलं अंतर आमच्या गणितात खऱ्यापेक्षा कमी दिसत होतं.

आम्ही सातवा कॉलम केला. त्याला "ठरावीक नाही" असं नाव दिलं. 9 फॉर्म खरोखर अनुत्तरित होते, त्यांचा आठवा. मग प्रत्येक ओळीची बेरीज 1 आली, आणि सरांनी गणित पुन्हा केलं तेव्हा टँकरचं अंतर वाढलं आणि "ठरावीक नाही"चं त्याहूनही पुढे गेलं.

एकदा संशय आल्यावर मी सगळंच तपासायला घेतलं. त्यात सापडलेल्या एका गोष्टीवर माझा पूर्ण दिवस गेला. वापराचं पाणी कुठून आणता, असा दुसरा एक प्रश्न होता. त्याच्या उत्तरांत टँकर नावाचे दोन कॉलम होते. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसत. मी डोळे फाडून पाहिलं, मागे-पुढे स्पेस असेल म्हणून ती काढून टाकली, तरी दोन. शेवटी दोन्ही शब्दांची अक्षरं एकेक करून, त्यांच्या युनिकोड क्रमांकांसह छापली. एकात ट वर चंद्रबिंदू होता, म्हणजे टँ. दुसऱ्यात ट ला आधी ॲ चा चंद्र आणि मग वेगळा अनुस्वार, म्हणजे टॅं. डोळ्याला एक, संगणकाला दोन. युनिकोडमध्ये एकाच अक्षराची दोन रूपं एकसारखी करण्याची जी प्रमाण रीत आहे ती इथे लागू पडत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ही खरोखरच दोन वेगळी लेखनं आहेत. एक मोबाइलच्या कीबोर्डवरून आलं होतं, दुसरं ऑफिसातल्या संगणकावरून. मराठीत डेटा भरणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी तपासून पाहावं असं मला मनापासून वाटतं. इंग्रजीत शिकवणाऱ्या पुस्तकांत हे येणार नाही.

हातपंपाचं सोपं होतं. तीन गावांत तो हापसा होता. ते शब्द मी एकत्र केले, पण हापसा हा शब्द मूळ फाइलमध्ये तसाच ठेवला आणि जुळणी वेगळ्या तक्त्यात लिहिली. बाईने हापसा म्हटलं आणि आपण हातपंप केलं, तर निदान आपण केलं हे लिहिलेलं असावं.

वापराच्या पाण्याच्या या प्रश्नाला कितीही उत्तरं चालत. "विहीर, टँकर", "टँकर, बोअर, विहीर" असं. तिथे एका ओळीत दोन-तीन एक असणं योग्यच. अशा ओळीवर आयडी-एक्स-मॅक्स वापरलं तर पहिलंच उत्तर मिळतं आणि बाकीची नाहीशी होतात. परतीचा मार्ग वेगळा आहे आणि मला तो आवडतो. पायथनमध्ये शब्दाला 1 ने गुणलं तर तोच शब्द येतो, 0 ने गुणलं तर काहीच येत नाही. म्हणून प्रत्येक ओळ कॉलमच्या नावांनी गुणायची आणि बेरीज करायची. ज्या कॉलममध्ये 1 आहे त्यांचीच नावं स्वल्पविरामांसह एकामागे एक येतात. मी ते केलं, मूळ फाइलशी ताडलं, आणि शेकडो ओळी जुळेनात.

उत्तरं तीच होती, क्रम वेगळा होता. "विहीर, टँकर" गेलं होतं आणि "टँकर, विहीर" परत आलं होतं. शून्य-एकच्या कॉलमांत आधी काय म्हटलं हे कुठेच लिहिलेलं नसतं. पहिल्यांदा मला ते किरकोळ वाटलं. मग ताईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्ही विचारताव, बाई सांगती तसं लिहिताव. जिचं रोजचं त्येच ती आधी सांगती ना." ही माहिती मी प्रश्न म्हणून विचारलीच नव्हती, तरी ती मूळ फाइलमध्ये होती, आणि कॉलम करताच गेली होती. त्यानंतर मूळ कॉलम मी कधीही टाकून दिला नाही. तो आधी बाजूला ठेवते, मग कॉलम करते.

पुढच्या वर्षी यातल्याच चार गावांत आम्ही छोटी पाहणी केली. एका गावात पैसे टाकून शुद्ध पाणी भरण्याचं यंत्र आलं होतं आणि काही घरांचं उत्तर होतं, "फिल्टरचं". नव्या फाइलचे कॉलम जुन्या गणिताशी जुळावेत म्हणून जुनी यादी लावून ती बसवायची असते. जुन्या यादीत नसलेला कॉलम त्यात गळून पडतो आणि त्या घरांची ओळ पुन्हा सगळी शून्यं होते. कुठलीही सूचना येत नाही. या वेळी मी बेरीज आधीच काढली होती, म्हणून दिसलं. सायकिट-लर्न नावाच्या लायब्ररीत अनोळखी उत्तर आलं की काम थांबवायचं की शून्यं घालून पुढे जायचं हे आपल्याला ठरवता येतं. मी थांबवायला सांगते. काम अडलं की वैताग येतो, पण नव्या उत्तराची गाठ तिथेच पडते.

सप्टेंबर 2022 मध्ये पांडाजची 1.5 ही आवृत्ती आली आणि तिच्यात फ्रॉम-डमीज नावाचं फंक्शन आलं. शून्य-एकच्या कॉलमांवरून मूळ शब्दांकडे जाणारं, इतकी वर्षं नसलेलं. ते एका ओळीत दोन एक दिसले तर थांबतं, एकही एक नसला तरी थांबतं, आणि कुठल्या ओळीवर थांबलो ते सांगतं. कोऱ्या ओळीला अमुक समजा असं आपण स्वतः लिहून दिलं तरच पुढे जातं. हे वाचलं तेव्हा मला वडिलांचा वेगळा बांधलेला गठ्ठा आठवला.

मी 2019 ची जुनी फाइल शोधली, सातवा-आठवा कॉलम करण्याआधीची, जशी मी सरांना पाठवली होती तशी. ती मी मुद्दाम ठेवली होती. आधी फंक्शन भलत्याच कारणाने थांबलं. माझ्या कॉलमांची नावं "पाणी_पिण्याचं_टँकर", "पाणी_वापराचं_टँकर" अशी होती, ते पहिल्याच अधोरेषेवर नाव तोडतं, आणि दोन्ही प्रश्न त्याला एकच वाटले. मी नावं बदलली आणि पिण्याच्या पाण्याचे तेवढे सहा कॉलम दिले.

ते पुन्हा थांबलं. उत्तर नसलेली पहिली ओळ 37 वी, असा संदेश आला. मोजणी शून्यापासून असते, म्हणजे 38 वं घर. मी कपाट उघडून पहिला गठ्ठा काढला आणि 38 वा फॉर्म पाहिला. टाकीखाली आड गेलेलं तेच गाव. सहा चौकोन कोरे, मिनिटांच्या चौकोनात 210, आणि समासात ताईंचं तिरपं अक्षर, "ज्या दिवशी जिथं मिळंल तिथून."